आइझावांचं रबर

आइझावा गेले असा फोन आला तेव्हा कुबोदेरा तेत्सुजी चिमट्यात काडी धरून बसला होता. फोन त्याच्या बायकोनं, मिसाएनं घेतला. ती दारात येऊन उभी राहिली, पण लगेच बोलली नाही. त्याच्या हातातलं काम खाली ठेवेपर्यंत थांबायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. त्यानं काडी ठेवली, भिंगावरून डोळा काढला, तेव्हा ती म्हणाली, "टोकियोचे आइझावा गेले. मुलानं सगळं उरकूनसुद्धा टाकलं."

"आणि रबर?" तेत्सुजीनं विचारलं.

आपण आधी काय विचारलं हे लक्षात आल्यावर तो ओशाळला. पण शब्द तोंडातून गेला होता आणि मिसाएनं तो ऐकला होता.

रेकॉर्ड वाजवणारी सुई ज्या इवल्याशा डबीत बसवलेली असते तिला कार्ट्रिज म्हणतात, आणि तळ्याकाठच्या शिमोसुवा गावातल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत नवराबायको दोघं मिळून फक्त तीच करत. डासाच्या पायाएवढी काडी, तिच्या टोकाला हिऱ्याचा कण, मागे केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेटोळं मिसाए गुंडाळायची. आणि या सगळ्याला धरून ठेवणारी, तिळाहून लहान अशी रबराची चकती. खाचेतून हिरा थरथरत जातो, त्यातली गाण्याची थरथर पुढे जाऊ द्यायची आणि नको ती गिळून टाकायची, हे काम त्या चकतीचं. रबर कडक असलं तर आवाज करवतीसारखा कापतो, मऊ असलं तर भिजलेल्या भातासारखा गिचका होतो. टोकियोचे आइझावा एकटेच करून पाठवायचे ते रबर दोन्ही नव्हतं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहायचं.

तेत्सुजी तरुणपणी तळ्याकाठच्या घड्याळाच्या कारखान्यात होता. तिथून बाहेर पडून त्यानं हे सुरू केलं. हळूहळू त्याचं नाव पार जर्मनी-हाँगकाँगपर्यंत पोचलं. लोक त्याच्या एका कार्ट्रिजसाठी वर्षभर थांबत. गावात मात्र कुणाला पत्ता नव्हता. कोपऱ्यावरच्या तोफूवाल्याला वाटायचं, हा अजून घड्याळंच दुरुस्त करतो.

रबरात काय असतं हे त्यानं आइझावांना कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून झाकणं उघडावीत तसं ते त्याला वाटायचं. आता तो टोकियोला गेला. सुमिदा नदीपलीकडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये काही उरलं नव्हतं. रबर मळायचे रूळ भंगारात गेले होते, जमीन धुऊन काढली होती. आइझावांचा मुलगा बस चालवायचा. तो गणवेशातच भेटायला आला.

"बाबांनी शिकवलं नाही आणि मीही शिकलो नाही," तो म्हणाला. "शाळेत माझ्या डब्यातल्या भाताला रबराचा वास यायचा. पोरं नाक धरायची. मला ते सगळं कधी एकदा बंद होतंय असं झालं होतं, खरं सांगू का."

"काय काय आणायचे ते, कुठून आणायचे, काही आठवतं?"

"त्यांना विचारा आता," मुलगा म्हणाला, आणि मग त्यालाच वाईट वाटून त्यानं चहा मागवला.

घरी आइझावांची म्हातारी होती. बोलता बोलता ती सहज म्हणाली, की स्वयंपाकघरातल्या नळाला ह्यांनी आपल्याच रबराचं वायसर करून घातलंय, कधी गळला नाही. तेत्सुजी उठला. म्हातारी बघत असताना त्यानं मुख्य नळ बंद केला, पाना मागून घेतला आणि वायसर काढलं. रुमालात गुंडाळून ते खिशात ठेवलं. निघण्याआधी दुकानातून नवीन वायसर आणून बसवलं, तरी नळ ठिबकत राहिला. म्हातारी म्हणाली, "असू दे, आवाजाची सोबत होईल."

घरी येऊन त्यानं वायसरातून चकत्या कापल्या. आवाज मठ्ठ निघाला. ते आइझावांचं नळासाठीचं रबर होतं, गाण्याचं नव्हतं.

मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. तो मोठ्या रबर कंपनीत गेला. तिथल्या तरुणानं नमुना हातात धरून विचारलं, महिन्याला किती लाख नग लागतील. तेत्सुजीनं वर्षाचा आकडा सांगितला, तो लाखात तर नव्हताच, हजारातही नव्हता. तरुणानं त्याला अगदी अदबीनं लिफ्टपर्यंत पोचवलं. मग त्यानं जिथून मिळेल तिथून रबर मागवलं. चकती कापायची, बसवायची, रेकॉर्ड लावायची, आणि पहिल्याच ओळीला मान हलवायची, "मेलेलं आहे." मिसाए मागे उभी राहून ऐकायची. तिला काही मेलेलं वाटायचं नाही, पण आवाज हे त्याचं राज्य होतं, तिथे ती बोलायची नाही.

शेवटी त्यानं परसातल्या खोपट्यात स्वतःच रबर शिजवायला घेतलं. काळा धूर आणि गंधकाचा वास. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

संध्याकाळी गावच्या गरम झऱ्याच्या सार्वजनिक न्हाणीत मोमोसे भेटायचा. घड्याळाच्या कारखान्यातला जुना सोबती. मानेपर्यंत पाण्यात बसून तो म्हणाला, "काय रे तेत्सु, आज पुन्हा टायर उकडलेस? आमच्या हिची सुपाच्या मिसोची बरणी बाटवलीस तू. सूप प्यायला बसलो की गॅरेजमध्ये बसल्यासारखं वाटतं."

तेत्सुजी हसला नाही.

"अरे, सोड आता. साठी उलटून गेली. मला घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, आणि जन्मभर मी तेच केलं. कान जातातच आपल्या वयात."

"माझे गेले नाहीत," तेत्सुजी म्हणाला आणि पाण्याबाहेर निघाला. अंगही धड न पुसता कपडे चढवले.

आइझावांच्या चकत्यांचा डबा रिकामा होत आला. मिसाए म्हणाली, "लोकांना कळवून टाकू या, रबर संपलं म्हणून. रागावतील, आणि विसरतील."

"रबर संपलं म्हणजे कुबोदेरा संपला."

"मग संपला," ती म्हणाली. "आपण दोघं आहोतच की."

त्याला ते ऐकूच आलं नाही.

त्याच सुमारास ओतागिरीबाईंचं पार्सल आलं. ओतागिरी फुमिए ओमाचीच्या शाळेत संगीत शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्या तेव्हा मिळालेल्या पैशातून त्यांनी तेत्सुजीची एक कार्ट्रिज घेतली, आणि दर शरदात ती साफ करायला पाठवायच्या, सोबत अंगणातले आक्रोड. त्यानं डबी उघडली. भिंगाखाली रबर बघितलं. इतकी वर्षं झाली तरी काल कापल्यासारखं काळंभोर होतं ते.

मिसाए दंतवैद्याकडे गेली होती. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. त्यानं बाईंची चकती काढली आणि तिच्या जागी बाजारातल्या रबराची बसवली. हात जराही कापला नाही. याचंच त्याला पुढे नवल वाटत राहिलं.

पहिल्यांदा केल्यावर पुढचं सोपं गेलं. त्यानं जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले, इतकी वर्षं सांभाळलीत, एकदा मोफत साफ करून देतो. लोकांनी आभार मानले, मिठाईचे डबे पाठवले. त्यांच्या चकत्या नव्या कार्ट्रिजमध्ये बसून दूरदेशी गेल्या. आणि त्या मिठाया दोघांनी चहाबरोबर खाल्ल्या, मिसाएनं काही न कळता आणि त्यानं कळून.

ती ओळखणार हे ठरलेलंच होतं. नव्या कार्ट्रिजच्या तारा जोडताना तिला चकतीवर आधीच दाबाचा वळ उमटलेला दिसला. कोऱ्या रबरावर वळ नसतो.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

त्यानं डोळा पुन्हा भिंगाला लावला.

"ओतागिरीबाईंचं?"

"त्यांचं आधीच गेलं. हे सेंदाईच्या डॉक्टरांचं."

ती ओरडली नाही. अंगावरचा कामाचा झगा काढून तिनं घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "लोकांचं काढून घेण्याइतका फरक आहे ना त्यात? मग उद्या मला दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रेकॉर्डप्लेअर सरकत्या दाराआड नेला. दोन सारख्या कार्ट्रिज, एकीत आइझावांचं रबर, दुसरीत बाजारातलं. ती आत अदलाबदल करायची, तो बाहेर, दोन्ही खोल्या तापवणाऱ्या स्टोव्हजवळ बसून ऐकायचा. पहिल्यांदा त्यानं ठामपणे सांगितलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यानं रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. असे दहा-बारा डाव झाले. मग आतून काही आवाजच येईना. मिसाए दार सरकवून बाहेर आली आणि हातातल्या डबीकडे बघत उभी राहिली.

"सांग," तो म्हणाला.

"सगळी उलटी सांगितलीत असं नाही," ती म्हणाली. "काही बरोबर आली. पण चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी तेवढी आलीच असती."

त्यानं स्टोव्हपुढे धरलेले हात मागे घेतले. "मग इतकी वर्षं मी काय ऐकत होतो?"

"ते मला काय विचारता," मिसाए म्हणाली. "मीसुद्धा ओळखू शकले नाही." तिनं हे खरं सांगितलं की त्याच्यासाठी, हे त्याला कधी कळलं नाही.

तेव्हापासून तो बाजारातलंच रबर वापरू लागला. चोरी थांबली, काम सुरू राहिलं. कुणी तक्रार केली नाही. वरवर पाहता सगळं सुटलं होतं. पण त्याच्या जेवणातली चव गेली. घरात रेकॉर्ड लागेनाशी झाली. टेबलाशी बसून तो काडी उचलायचा आणि ही सुई कुठल्याही दुकानातल्या सुईसारखीच आहे, मीच आयुष्यभर स्वतःला फसवलं, या विचाराशी येऊन थबकायचा. हिवाळ्यात एका दुपारी तो तळ्यापाशी गेला. काठाजवळ बर्फ धरलं होतं, पुढे पाणी काळं दिसत होतं. बर्फ माणसाचं वजन पेलेल का, असं त्याच्या मनात आलं. ते का मनात आलं हे लक्षात आल्यावर तो घाबरला आणि जवळजवळ पळतच घरी आला. मिसाएनं काही विचारलं नाही. त्याचे बूट ओले आहेत का, एवढं मात्र तिनं वाकून बघितलं.

ओतागिरीबाईंचं नववर्षाचं कार्ड दरवर्षी यायचं. त्या वर्षी आलं नाही, तेव्हा तेत्सुजीला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या शरदात पार्सलही आलं नाही. मग दुसरं नववर्ष आलं, तरी कार्ड नाही. मिसाएनं फोन त्याच्यासमोर आणून ठेवला. "म्हातारी एकटी असते. जिवंत आहे का तरी बघा."

बाई जिवंत होत्या, आणि त्यांचा आवाज खणखणीत होता.

"अहो, सुई पाठवू कशाला? मी ऐकणं सोडलं आता. कान गेले माझे."

"असे एकदम?"

"एकदमच. तुमच्याकडून साफ होऊन आली, त्यानंतरच्याच थंडीत. सगळं करवतीसारखं लागायला लागलं. उन्हाळ्यात जरा बरं वाटलं, की पुन्हा थंडीत तेच. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं उत्तम आहेत. त्यांना काय कळतंय? मग समाजमंदिरातल्या बायकांना गाणं शिकवायचे ना मी, तेही सोडलं. कान नसताना दुसऱ्यांचे सूर सुधारायचे म्हणजे फसवणूकच की ती."

फोन ठेवून तेत्सुजी उठला. एक तयार कार्ट्रिज घेऊन त्यानं ती बाहेर खिडकीच्या कठड्यावर बर्फात ठेवली आणि बाजूला उभा राहिला. मिसाए हाका मारत होती. थोड्या वेळानं त्यानं नखानं काडी दाबून बघितली. हलेना. रबर दगडासारखं झालं होतं. त्याच्या कामाच्या खोलीत शरदापासून स्टोव्ह पेटलेला असायचा. बाजारातलं रबर त्यानं थंडीत कधी तपासलंच नव्हतं, कारण आइझावांच्या रबराला तशी गरजच पडली नव्हती.

त्याच्या स्वतःच्या प्लेअरवर एक जुनी कार्ट्रिज होती, आइझावांच्या रबराची, विकायची नाही म्हणून ठेवलेली. ती काढून घेऊन तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाला. मात्सुमोतोला गाडी बदलली. ओमाचीला गुडघाभर बर्फ होतं. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या तोंडातून वाफ येत होती, घराच्या आत उभ्या असून.

"फक्त कोतात्सूपुरती ऊब ठेवते मी," रजईनं झाकलेल्या, खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाकडे बोट करून त्या म्हणाल्या. "या, पाय घाला आत. एवढ्या बर्फात कशाला आलात?"

"आधी प्लेअर दाखवा, बाई."

प्लेअर उत्तरेच्या खोलीत होता. तिथे तर पाणी गोठलं असतं. भिंतीवरची फळ्यांची मांडणी रिकामी होती. कोपऱ्यात फक्त फुलदाणी.

"रेकॉर्ड कुठायत?"

"दिल्या. तो भोंगा लावून ट्रक फिरतो ना, जुनं सामान घ्या-द्या करत, त्याला. समोर राहिल्या असत्या तर मन मागे ओढलं असतं."

एकच रेकॉर्ड उरली होती, तीही प्लेअरवरच राहिली म्हणून. शाळेच्या वर्धापनदिनाला काढलेली, बाईंच्याच मुलींच्या गाण्याची. तेत्सुजीनं गुडघ्यांवर बसून कार्ट्रिज बदलली. बोटं गारठली होती, स्क्रू दोनदा पडला. मग त्यानं सुई टेकवली.

बाई आधी उभ्या होत्या. मग हळूच जमिनीवर बसल्या. दुसऱ्या कडव्यात त्या पुटपुटल्या, "ती मागची पोरगी नेहमी अर्धा सूर खाली. किती सांगितलं तिला." रेकॉर्ड संपली, सुई आतल्या खाचेत खरखरत राहिली, तरी कुणी उठलं नाही.

"म्हणजे माझे कान..." बाई म्हणाल्या.

"तुमचे कान शाबूत आहेत, बाई. गेले ते माझे." आणि त्यानं सगळं सांगितलं. चकती काढली ते, कुणाच्या कार्ट्रिजमध्ये घातली ते, ती आता कुठे असेल हे आपल्यालाही माहीत नाही ते. सांगताना त्यानं कपाळ चटईला टेकवलेलं होतं.

बाहेर छपरावरून बर्फाचा ढीग घसरून पडला.

"दोन हिवाळे मी बहिरी म्हणून जगले," त्या शेवटी म्हणाल्या. "रात्री उठून पातेल्यावर चमचा वाजवून बघायचे, अजून किती उरलंय ते. आणि तुम्हाला रबरच हवं होतं ना? मागितलं असतंत तर मी दिलं असतं, कुबोदेरा. हसत दिलं असतं."

त्याला वर बघवेना.

"उठा आता. गाडी चुकेल तुमची."

त्यांनी त्याला चहा विचारला नाही, दारापर्यंतही आल्या नाहीत.

परत आल्यावर तेत्सुजीनं नवं काम बंद केलं. ज्यांची रबरं काढली होती त्या सगळ्यांना त्यानं एकेक करून फोन केले. मिसाए शेजारी बसायची. एकजण इतका ओरडला की फोन लांब धरावा लागला. एकजण हसला, म्हणाला मला तर काही कळलंच नव्हतं, राहू द्या. सेंदाईचे डॉक्टर वारले होते, त्यांच्या बायकोनं प्लेअरसकट सगळं देऊन टाकलं होतं. कपाटात न विकलेल्या चार-दोन कार्ट्रिज होत्या, त्यांतल्या चकत्या काढून त्यानं परत बसवून दिल्या. ज्यांच्या परदेशी गेल्या होत्या, त्यांना द्यायला त्याच्याजवळ माफीशिवाय काही नव्हतं. धंद्यातल्या लोकांमध्ये व्हायची ती बदनामी झाली. तीसेक वर्षांत मिळवलेलं नाव एका वसंतात गेलं. त्याला वाटलं होतं त्याहून ते कमी दुखलं, आणि ओमाचीची ती रिकामी मांडणी आठवली की त्याहून जास्त दुखायचं.

तो मात्सुमोतो, नागानो, उएदा इथल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून हिंडू लागला. शाळेत शिकवणारी माणसं वस्तूंवर नाव घालतात, या एवढ्या भरवशावर. दुकानदारांना वाटायचं, हा कुठली तरी दुर्मीळ रेकॉर्ड शोधतोय. तो फक्त कव्हरांचे मागचे कोपरे बघायचा. पावसाळा उलटून गेल्यावर मात्सुमोतोच्या एका दुकानात त्याला पेन्सिलीनं 'ओतागिरी' लिहिलेल्या दोन-तीन मिळाल्या.

या खेपेला मिसाएही बरोबर आली. बाईंनी दार उघडलं, रेकॉर्ड हातात घेतल्या, चष्मा कपाळावर चढवून एकेक उजेडात धरली. समाजमंदिरात आता दुसरी बाई शिकवते, असं त्यांनी मधेच सांगितलं, कुणीही विचारलं नव्हतं तरी. मग एक रेकॉर्ड त्यांनी त्याच्याकडे परत केली.

"ही माझी नव्हे. अक्षर माझं नाही. कुणी दुसरे ओतागिरी असतील."

"चूक झाली," तेत्सुजी म्हणाला.

बाईंनी मिसाएकडे बघितलं, तारा गुंडाळून बोटांची टोकं वाकडी झालेल्या तिच्या हातांकडे बघितलं.

"आलाच आहात तर बूट काढा," त्या म्हणाल्या. "ऐकू या ती, कुणाची का असेना. पण हे बघा, मधे कुणी बोलायचं नाही."

तेत्सुजी दाराजवळ बसला. रेकॉर्ड लागली. त्याला त्यातलं किती ऐकू आलं कुणास ठाऊक. तो बाईंच्या पाठीकडेच बघत होता.